उतारवयातील मार्गदर्शित शिथिलीकरण

मार्गदर्शित शिथिलीकरण म्हणजे समोरच्या व्यक्तीने दिलेल्या किंवा ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे शरीराचा ताण क्रमाक्रमाने सैल करण्याची आणि मनापुढे एखादे शांत दृश्य आणून त्यात काही काळ रमण्याची पद्धती होय. शवासन व योगनिद्रा ही तिची भारतीय रूपे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात क्रमिक स्नायुशिथिलीकरण, ऑटोजेनिक ट्रेनिंग आणि गायडेड इमेजरी या नावांनी तिचे निरनिराळे प्रकार प्रचलित आहेत. साठीनंतरच्या वयात उच्च रक्तदाब, निद्रानाश, सांधेदुखी, चिंता आणि पडण्याची भीती या तक्रारींवर पूरक उपाय म्हणून तिचा वापर होतो. यातील ‘पूरक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ही पद्धती औषधाला साहाय्य करते, त्याची जागा घेत नाही.

या विषयावरील भारतातील आरंभीच्या वैद्यकीय अभ्यासांपैकी एक महाराष्ट्रात झाला. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाची माहिती, पद्धतीचे स्वरूप आणि धाराशिव जिल्ह्यासारख्या ग्रामीण, अवर्षणप्रवण भागात तिचा वापर करताना येणारे प्रश्न यांचा विचार केला आहे.

== संज्ञा ==

‘शिथिलीकरण’ हा शब्द योगवर्गांतून मराठीत रूढ झाला. ‘गायडेड इमेजरी’साठी मात्र एकच सर्वमान्य प्रतिशब्द नाही, कल्पनाचित्रण, मानसदर्शन, कल्पनादृश्य असे शब्द वापरले जातात. कल्पना करणे म्हणजे केवळ डोळ्यांपुढे चित्र उभे करणे नव्हे. आवाज, वास, स्पर्श आणि चव यांची आठवणही त्यात येते. काही माणसांना मनात चित्र मुळीच दिसत नाही; त्यांना पावसाचा आवाज किंवा भाजलेल्या हुरड्याचा वास आठवणे सोपे जाते.

‘योगनिद्रा’ हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ नवा आहे. देवीमाहात्म्यात योगनिद्रा हे देवीचेच नाव असून विष्णूला झोपवणारी शक्ती असा तेथे त्याचा अर्थ आहे. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवण्याची, मंचकी निद्रेची परंपरा आहे. शारदीय नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा अशी वर्षातून तीन वेळा देवी विश्रांती घेते. हा धार्मिक विधी असून त्याचा आरोग्योपचाराशी थेट संबंध नाही. तथापि, मोठ्या श्रमाच्या आधी आणि नंतर विसावा हवा ही कल्पना या भागातील वृद्धांना नव्याने शिकवावी लागत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

== पूर्वपीठिका ==

हठप्रदीपिकेत शवासनाचे वर्णन अगदी थोडक्यात येते. जमिनीवर उताणे निजावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढाच त्याचा आशय. शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेण्याची रीत न्यासविधीत आढळते. मानसपूजेत गंध, फूल, नैवेद्य यांपैकी काहीही प्रत्यक्ष हाती नसताना संपूर्ण पूजा मनात केली जाते. कल्पनादृश्याच्या तंत्राशी हिचे साम्य स्पष्ट दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने मनाने पंढरीची वाट चालणे हेही याच जातीचे.

आधुनिक काळात अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये क्रमिक स्नायुशिथिलीकरणाची मांडणी केली. स्नायू आधी मुद्दाम ताणावा, मग सोडावा आणि या दोन अवस्थांतील फरक ओळखावा, हे तिचे सूत्र. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहान्नेस शुल्झ यांनी १९३२ मध्ये ऑटोजेनिक ट्रेनिंग प्रसिद्ध केले. हात जड झाला आहे, ऊब पसरत आहे अशा स्वयंसूचनांवर ते आधारलेले आहे. मुंगेर येथील बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी न्यासाच्या आधारे योगनिद्रेची क्रमवार पद्धती तयार केली. आज ‘योगनिद्रा’ या नावाने वर्गांतून जे शिकवले जाते, ते बहुतांशी या विसाव्या शतकातील पद्धतीचेच रूप असते. त्याला ‘हजारो वर्षांपूर्वीचे’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९७५ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांनी ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकातून शिथिलीकरणातील शारीरिक बदलांची चर्चा सामान्य वाचकांपर्यंत नेली.

== महाराष्ट्रातील संशोधन ==

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण आणि मापनयंत्रे यांच्या साहाय्याने तपासणे हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. श्रद्धेपेक्षा मोजमापावर भर देण्याची ही दृष्टी पुढच्या संशोधनाला उपयोगी पडली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी देशमुख व दळवी यांनी कैवल्यधामचे एस. एल. विनेकर यांच्यासह केलेला अभ्यास १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवण्यात आले. केवळ पडून राहणे एवढेच त्यात अपेक्षित नव्हते. पोटाने संथ, लयबद्ध श्वास घ्यायचा, श्वासांदरम्यान किंचित थांबायचे आणि नाकपुड्यांना जाणवणाऱ्या आत येणाऱ्या हवेच्या गारव्याकडे व बाहेर जाणाऱ्या हवेच्या उबेकडे लक्ष ठेवायचे, असा तो क्रम होता.

रुग्णांचे तीन गट होते. औषध न घेणाऱ्यांच्या गटात मध्यमान रक्तदाब पाऱ्याच्या १३४ मिलिमीटरवरून १०७ पर्यंत खाली आला. मध्यमान रक्तदाब म्हणजे वरचा व खालचा आकडा मिळून काढलेली सरासरी. ती नेहमीच्या ‘वरच्या’ आकड्याशी ताडून पाहू नये. औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेल्यांच्या गटात अनेकांचे औषधाचे प्रमाण बरेच कमी करता आले. औषध घेऊनही रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांच्या गटात मात्र थोड्याच जणांना लाभ झाला. रुग्णांची संख्या लहान होती आणि गटवाटणी यादृच्छिक नव्हती. आजच्या निकषांवर हा अभ्यास अपुरा ठरतो. तरीही खर्च नसलेला आणि कोणालाही करता येईल असा उपाय मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, रक्तदाबमापक हाती घेऊन तपासला गेला, हे त्याचे महत्त्व.

इंग्लंडमध्ये सामान्य वैद्यक करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी ही दिशा पुढे नेली. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात २० रुग्णांना शिथिलीकरण आणि शरीरातील बदल यंत्रावर पाहण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांपैकी ५ जणांचे औषध थांबवता आले. पुढे १९७५ मध्ये त्यांनी तुलनागट घेऊन ३४ रुग्णांवर केलेल्या चाचणीतही शिथिलीकरण शिकलेल्यांचा रक्तदाब अधिक उतरला.

नंतरच्या मूल्यमापनांनी उत्साहाला आवर घातला. २००८ च्या कॉक्रेन समीक्षेत २५ चाचण्या आणि सुमारे १,२०० रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. सरासरी घट वरच्या आकड्यात ५.५ आणि खालच्या आकड्यात ३.५ मिलिमीटर एवढी आढळली. बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी होता आणि ज्या चाचण्यांत तुलनागटाला उपचाराचा केवळ आभास दिला होता, त्यांत हा फरक आणखी घटला. सारांश, रक्तदाबावरील परिणाम असलाच तर माफक आहे. एखाद्या रुग्णात दिसलेली मोठी सुधारणा सर्वांना लागू होत नाही.

== कार्यपद्धती ==

सत्र साधारणतः १५ ते ३० मिनिटांचे असते. आरंभी आसन, मग शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवणे, नंतर संथ श्वास, त्यानंतर कल्पनादृश्य आणि शेवटी सावकाश परत येणे, असे त्याचे टप्पे असतात. परत येण्याचा टप्पा अनेकदा घाईत उरकला जातो. वृद्धांच्या बाबतीत तोच सर्वांत जपण्याचा आहे.

जमिनीवर बसणे-उठणे ज्यांना अवघड जाते त्यांनी खाट, बाज किंवा पाठ टेकण्याची खुर्ची वापरावी. गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली गोधडी घेतल्यास कंबरेवरचा ताण कमी होतो. दमा, हृदयविकार किंवा छातीत जळजळ असणाऱ्यांना सपाट उताणे झोपणे सोसत नाही. त्यांनी डोके व पाठ उंच ठेवावी. स्नायू मुद्दाम ताणण्याच्या जेकबसन पद्धतीने पोटरीत गोळा येऊ शकतो आणि सुजलेला सांधा दुखू शकतो. त्यामुळे उतारवयात केवळ ‘सैल सोडा’ असे सांगणारी पद्धत अधिक सोयीची ठरते.

संथ श्वासाने परानुकंपी मज्जासंस्थेचे कार्य वाढते, नाडी मंदावते आणि स्नायूंचा ताण उतरतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असताना रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढते, असे आढळले आहे. मात्र सहाचा आकडा गाठण्यासाठी श्वास कोंडून धरणे अपेक्षित नाही. घड्याळाकडे पाहत केलेले शिथिलीकरण हे शिथिलीकरण राहत नाही.

== उतारवयातील उपयोग ==

झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी आहे. वयाबरोबर गाढ झोपेचे प्रमाण कमी होते आणि जाग लवकर येते. खेड्यात रात्री आठला अंथरुणावर पडणारी व्यक्ती पहाटे तीनला जागी झाली, तर तिची सात तासांची झोप पूर्ण झालेली असते. तो आजार नव्हे. ज्यांना पडल्यावर तास तास झोप लागत नाही किंवा मध्यरात्री जाग आल्यावर विचारांचे चक्र सुरू होते, त्यांना शिथिलीकरणाचा उपयोग होऊ शकतो. निद्रानाशावरील बोधात्मक वर्तनोपचारात त्याचा एक घटक म्हणून समावेश असतो.

सांधेदुखीबाबत अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या २८ वृद्ध स्त्रियांचा समावेश होता. कल्पनादृश्य व स्नायुशिथिलीकरण यांचा १२ आठवडे सराव करणाऱ्या स्त्रियांच्या वेदना आणि हालचालीतील अडचणी कमी झाल्या. झिजलेला सांधा त्यामुळे पूर्ववत होत नाही. वेदनेकडे लागलेले लक्ष आणि तिच्याभोवती आवळलेले स्नायू सैल होतात.

पडण्याची भीती हा दुर्लक्षित विषय आहे. एकदा घसरून पडलेली वृद्ध व्यक्ती पुढे चालणेच कमी करते, त्यामुळे पाय अशक्त होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका यादृच्छिक चाचणीत साठीपुढील ९१ व्यक्तींचा सहभाग होता. आपण न घाबरता चालत आहोत, असे शिथिल अवस्थेत कल्पिण्याचा सहा आठवड्यांचा सराव केलेल्या गटाचा तोल सांभाळण्याबाबतचा आत्मविश्वास वाढला. घराच्या उंबऱ्यावर उजेड करणे, अंगणातील शेवाळ काढणे आणि डोळे तपासून घेणे यांची बरोबरी अर्थात कोणतेही कल्पनादृश्य करू शकत नाही.

== दृश्यांची निवड : धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ ==

सूचनांच्या बहुतेक तयार ध्वनिफितींत समुद्रकिनारा, बर्फाच्छादित शिखरे किंवा पाइनचे वन असते. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला, कमी पावसाचा आणि बहुसंख्य ग्रामीण लोकवस्तीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्याला लाटांचा आवाज आठवणार कसा? उलट, शाळूच्या रानावरून येणारा थंडीतला वारा, येडशीजवळच्या रामलिंगच्या झाडीतील सावली, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे किंवा तेर येथील गोरोबाकाकांच्या मंदिरातील टाळांचा नाद हे अनुभव येथील वृद्धांच्या अंगवळणी पडलेले असतात. चित्र जितके ओळखीचे, तितके मन त्यात लवकर रमते.

मात्र परिचित दृश्य नेहमीच सुखद असेल असे नाही. या जिल्ह्यात ही बाब विशेष जपावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार लोक मरण पावले. सास्तूर हे आजच्या लोहारा तालुक्यातील गाव सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होते. दगडी भिंतींवरील माळवदाचे जड छत झोपेतल्या माणसांवर कोसळले. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली माणसे आता साठी ओलांडून गेली आहेत. ‘रात्रीची निवांत वेळ आहे, तुम्ही घरात स्वस्थ पडला आहात, शरीर जमिनीत खोल खोल जात आहे’ ही योगवर्गातील सर्वसामान्य सूचना अशा व्यक्तीला विसाव्याऐवजी धसका देऊ शकते. तिच्यासाठी उघडे अंगण, दिवसाचा उजेड आणि उघडे डोळे अधिक योग्य होत.

शेताच्या दृश्यालाही दुसरी बाजू आहे. नापिकी व कर्ज यांमुळे झालेल्या शेतकरी आत्महत्यांची झळ ज्या घरांना लागली, तेथील आईबापांसाठी विहीर किंवा बांधावरचे झाड हे शांततेचे चित्र नसते. ऊसतोडीच्या हंगामात मुले-सुना कारखान्यांकडे गेल्यावर नातवंडांसह मागे राहिलेल्या आजीला ‘भरलेले घर’ आठवायला सांगितले तर डोळ्यांत पाणीच येण्याची शक्यता अधिक. म्हणून दृश्य मार्गदर्शकाने ठरवू नये. ‘तुम्हाला कुठं बसलं की बरं वाटतं?’ असे आधी विचारावे आणि मिळालेल्या उत्तरावरच सत्र उभारावे. ‘शेतात’ असे उत्तर आले तर शेत घ्यावे. ‘देवळाच्या पायरीवर’ असे आले तर पायरी. कोणतीच जागा सुचत नसेल तर दृश्य वगळून केवळ श्वासावर थांबावे. सूचना चालू असताना व्यक्ती अस्वस्थ झाली, श्वास भरभर होऊ लागला किंवा रडू आले, तर सत्र थांबवून तिला डोळे उघडायला सांगावे आणि आजूबाजूच्या वस्तूंविषयी, चालू दिवसाविषयी बोलते करावे.

भाषेचाही असाच विचार हवा. ‘पादांगुष्ठावर चित्त एकाग्र करा’ या वाक्याचा अर्थ लावण्यातच ऐकणाऱ्याचे लक्ष खर्ची पडते. ‘पायाच्या अंगठ्याकडं ध्यान द्या, आता त्याला सैल सोडा’ हे लगेच पोहोचते. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांसाठी आवाज मोठा करण्यापेक्षा शब्दांमध्ये अंतर ठेवणे आणि जवळ बसून बोलणे उपयोगी पडते. गूढ, कुजबुजता स्वर आणि मागे मोठे संगीत ही पद्धत त्यांना त्रासदायक होते. ज्येष्ठांना नातवाच्या किंवा शेजारणीच्या ओळखीच्या आवाजातील मुद्रण अनोळखी आवाजापेक्षा जवळचे वाटते.

== धोके व मर्यादा ==

रक्तदाब किंवा मधुमेह यांचे औषध स्वतःहून कमी करणे वा बंद करणे हा या विषयातील सर्वांत गंभीर धोका आहे. केईएममधील अभ्यासात औषध कमी झाले ते डॉक्टरांनी, वारंवार रक्तदाब मोजून. ‘शवासनाने गोळी सुटते’ एवढाच भाग कानी पडलेला रुग्ण मात्र मोजमापाशिवाय गोळी सोडतो. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवत नाही. ‘बरे वाटते’ हा त्याचा पुरावा नव्हे. गोळी अचानक थांबवल्यास पक्षाघात किंवा हृदयविकाराचा धोका वाढतो.

आडवे पडल्यावर एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते, विशेषतः रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटसाठीची काही औषधे चालू असताना. आधी बोटे हलवावीत, मग कुशीवर वळावे, हाताचा आधार घेऊन बसावे, दोन मिनिटे तसेच बसून राहावे आणि नंतर उभे राहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सत्र करू नये. साखर उतरल्यामुळे आलेली ग्लानी व घाम पाहणाऱ्याला ‘गाढ शिथिलीकरण’ वाटू शकतो.

तीव्र नैराश्य, भास-भ्रम असलेले मनोविकार आणि वाढलेला स्मृतिभ्रंश यांत डोळे मिटून दीर्घकाळ कल्पना करणे टाळावे किंवा तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे. छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे ही लक्षणे दिसल्यास शिथिलीकरणात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

== उपलब्ध सेवा ==

केंद्र शासनाचा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आरोग्य उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर झालेल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब व साखर यांच्या तपासणीबरोबर योगसत्रांचीही तरतूद आहे. शेतकरी कुटुंबांतील मानसिक ताणाचा प्रश्न लक्षात घेऊन राज्य शासनाने २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर उस्मानाबाद जिल्ह्याची निवड केली होती. मानसिक आरोग्यविषयक साहाय्यासाठी टेलिमानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६७ असा आहे.